अक्काच्या मानपत्रातली एक ओळ

येत्या रविवारी आमच्या गावात अक्काचा अमृतमहोत्सव आहे. समुदाय भवनात, सकाळी दहाला. मानपत्र लिहायचं काम देवस्थान पंच कमिटीने शाळेतली बाई म्हणून माझ्याकडे दिलं. आठ दिवस लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि परवा रात्री देवळातल्या बैठकीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी चांगलं म्हटलं. दोघातिघांचे डोळे भरले. मग म्हणाले, बाई, तेवढी एक ओळ काढा.

ती ओळ अशी: ‘अक्कांचं माहेर गोकाककडचं, माहेरची भाषा कानडी, आणि त्या कानडीच्या जोरावर गेली २२ वर्षं त्यांनी आपल्या मराठी माणसांचं दुखणं डॉक्टरांपर्यंत पोचवलं.’

का काढायची? तर कार्यक्रमाला बाहेरून पाहुणे येणार, पेपरात फोटो येणार, आणि मराठी गावच्या व्यासपीठावरून कानडीचं कौतुक कशाला. त्याऐवजी ‘मायमराठीची निष्ठावंत सेविका’ असं घाला म्हणाले. मी घालणार नाही. तिथून घरी आल्यापासून झोप नाही, म्हणून हे लिहिते आहे. लांब होईल, पण वाचा.

बाहेरच्यांना अक्का कोण ते सांगायला हवं. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहिल्या बसने अक्का बेळगावला जाते आणि मोठ्या दवाखान्यात ओपीडीच्या बाकावर बसते. पगार नाही, ओळखपत्र नाही, कुठल्या संस्थेची ती सभासदही नाही. खानापूर तालुक्याच्या जंगलातून माणसं आलेली असतात. भीमगड अभयारण्यातल्या कोंगळा, गवाळी, पास्तोली, आमगाव या गावांतून पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला डोलीत घालून, खांद्यावरून, चिखल तुडवत रस्त्यापर्यंत आणतात. तिथून गाडी मिळाली तर बेळगाव. एवढं करून ती दवाखान्याच्या दारात पोचतात आणि समोर पाटी कानडीत, कागद इंग्रजीत, खिडकीतला माणूस घाईत. अक्का उठून विचारते, ‘कुठलं गाव तुमचं? बसा, चिठ्ठी मी काढतो.’ आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. गोकाककडून आलेली अक्काही आता तशीच बोलते.

केसपेपर, रेशन कार्डाची झेरॉक्स, आधार, आयुष्मानचं कार्ड, तालुक्याच्या दवाखान्यातून रेफरलची चिठ्ठी आणली की नाही, रक्त कुठल्या मजल्यावर द्यायचं, रिपोर्ट किती वाजता मिळणार, हे सगळं ती बघते. पण ही कामं थोडं शिकलेला कुणीही पोरगा करू शकेल. तिचं खरं काम डॉक्टरांच्या टेबलापाशी सुरू होतं.

आपल्या माणसांकडे दुखण्याला किती शब्द आहेत ते कधी मोजलंय? कळ वेगळी, ठणका वेगळा. चमक निघते, शिणक भरते, उसण भरते. पोटात ढवळतं, मुरडा येतो, मळमळतं, जळजळतं. हातापायाला मुंग्या येतात, अंगात कणकण असते, डोकं गरगरतं, जीव घाबरा होतो. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी दिशा दाखवतो. ठणका म्हटलं की कुठेतरी पू धरतोय का बघायचं, कळ म्हटलं की ती थांबून थांबून येते का विचारायचं. आणि समोरच्या तरुण डॉक्टरपर्यंत यातलं काय पोचतं? तो बिचारा दक्षिणेकडून शिकायला आलेला असतो, मराठी चार शब्द शिकलेला असतो. त्याच्या कागदावर एकच शब्द उमटतो: पेन. अक्का मध्ये बसते आणि ठणक्याचा ठणकाच पोचवते. जळजळ असेल तर ‘उरी’, चक्कर असेल तर ‘तली तिरगाकत्तैती’, मळमळीला ‘वाकरिके’, सुजेला ‘बावु’. डॉक्टर उत्तर कानडीत देतो, ते ती परत आपल्या भाषेत सांगते, आणि मग पेशंटला विचारते, ‘आता मला सांगा बगू, काय काय करायचं म्हणाले डॉक्टर?’ त्याने बरोबर सांगेपर्यंत उठू देत नाही. मी २० वर्षं शिकवते आहे, धडा समजला का ते तपासायची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही.

माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. त्यांना छातीत भरल्यासारखं व्हायचं. ते म्हणायचे, पित्त झालंय. जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनाही ‘पित्त’ कळलं, कारण तो शब्द कानडीतही पित्तच आहे. पित्ताच्या गोळ्या दिल्या, संपल्यावर परत तेवढ्याच दिल्या. महिना गेला. एके दिवशी अक्का आमच्या दारावरून चालली होती, वडील कट्ट्यावर छाती चोळत बसलेले. तिने एवढंच विचारलं, ‘दादा, मळ्याकडं चढताना होतंय की जेवल्यावर होतंय?’ वडील म्हणाले, ‘चढताना. थांबलो की जातंय.’ ‘हात जड होतोय?’ ‘डावा होतोय.’ अक्का माझ्याकडे वळली, ‘पोरी, उद्या नव्हं, आत्ता. गाडी बोलाव.’ त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट बसला, आणि त्यानंतर माझे वडील आठ वर्षं जगले. नातीचं लग्न त्यांनी उभं राहून लावलं.

नंतर अक्का मला म्हणाली, दोन्ही भाषेत सारखा असलेला शब्द लई वाईट. दोघांनाबी वाटतंय कळलं म्हणून, आन कुणी पुढं विचारतच न्हाई. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं.

आता पंचांच्या बाजूचं. त्यांच्यावर मला राग नाही, त्यांचं दुखणं माझंही आहे. अक्का जन्मली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. ती शाळेत जायच्या वयाची झाली तोवर, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं गेलं. १९७३ ला त्याच राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. दरवर्षी १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो, १७ जानेवारीला १९५६ च्या सीमा आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. हा सीमाभाग आपल्याकडे यावा म्हणून महाराष्ट्राने २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा घातला, तो अजून लोंबकळतो आहे. सातबारा कानडीत येतो तेव्हा माझ्या शाळेतल्या मुलांचे आजोबा तो उलटा धरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्यांनी एवढं सोसलं त्यांना कानडी शब्द कानाला टोचणारच.

पण अक्काने कमी सोसलं का? १९८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात रान पेटलं, तेव्हा तिचा नवरा आंदोलनात होता, आत गेला होता. जूनचे दिवस, पेरणी तोंडावर, घरात दोन लहान मुलं. तिने एकटीने भात पेरलं. त्या आंदोलनातल्या गोळीबारात गेलेल्यांसाठी दरवर्षी १ जूनला ती हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जाते, गेली कित्येक वर्षं एकदाही चुकली नाही. तिच्या निष्ठेचा दाखला मानपत्रात लिहून द्यायचा अधिकार आपल्यातल्या कुणाला आहे?

सक्तीला विरोध आणि भाषेला विरोध यांत ती कधीच गल्लत करत नाही. सक्तीची गोष्ट निघाली की तिचा आवाज चढतो. दवाखान्यात मात्र सौंदत्तीकडची एखादी म्हातारी चुकून तिच्या शेजारी येऊन बसली, तर तिलाही ‘बर्री अव्वा, कुंदर्री’ म्हणते आणि तिचीही चिठ्ठी काढून देते. तिथल्या कानडी सिस्टर तिला अव्वाच म्हणतात. त्यातल्या दोघी रविवारी येणार आहेत, सुट्टी मागून. त्यांच्यासमोर आपण ती ओळ गाळून मानपत्र वाचायचं? मला लाज वाटेल.

आणि पंचमंडळी, खरं सांगते, ती ओळ गाळली तर आपलीच बाजू लंगडी पडते. घटनेचं कलम ३५० सांगतं की आपलं गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्यापुढे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा प्रत्येकाला हक्क आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं याची तरतूद करणारं ३५० अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी अधिकारी नेमणारं ३५० ब, ही दोन्ही कलमं सातव्या दुरुस्तीने आली आणि लागू झाली ती त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला. आम्हाला जिकडे टाकलं, तिथे आमच्या भाषेची सोय लावायचं वचनही त्याच दिवशी दिलं होतं. ते पाळलं असतं तर ओपीडीच्या दारावर मराठी पाटी असती, ऑपरेशनच्या संमतीपत्राची मराठी प्रत असती, आणि ७५ वर्षांच्या बाईला आठवड्यातून तीनदा बस पकडावी लागली नसती. अक्काच्या कानडीबद्दल मोठ्याने बोललो तरच हे बोलता येतं. ‘निष्ठावंत सेविका’ म्हणून शाल पांघरली की पाहुणे टाळ्या वाजवून जेवायला जातील, आणि पाटी तशीच राहील.

बसचं निघालंच आहे तर सांगते. २०२३ च्या जूनमध्ये शक्ती योजना आली आणि राज्यातल्या बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. त्याआधी २० वर्षं अक्का तिकीट स्वतःच्या पैशाने काढत होती. भाजी विकून, दोन म्हशींच्या दुधातून. तिकिटाचे पैसे वाचायला लागल्यावर ती त्या पैशांत बाळंतिणींबरोबर आलेल्यांना चहा आणि पाव देते.

बैठकीत दुसरा एक विषय कुजबुजत निघाला, तो मी इथे स्पष्टच लिहिते. ७५ दिव्यांनी ओवाळायचं ठरलं होतं. एकजण म्हणाले, अक्काच्या मालकांना जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा कुंकू लावायचं का, ओटी भरायची का, बायकांनी काय ते बघावं. बायकांनी बघितलं. आमच्या गल्लीतल्या अकरा जणींनी सांगितलं की आम्ही ओवाळणार, कुंकू लावणार आणि ओटीही भरणार. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तो काही सातासमुद्रापलीकडून आलेला नाही. हा विषय आमच्यापुरता संपला.

अक्काला या सगळ्यातलं काही ठाऊक नाही. तिच्या अटी दोनच. कार्यक्रम रविवारीच ठेवा, कारण सोमवारी ओपीडीला सगळ्यात जास्त गर्दी. आणि जेवणात हुग्गी करा. आपण जिला गव्हाची खीर म्हणतो ती, पण हुग्गी म्हटल्याशिवाय तिला तिच्या आईच्या हातची आठवत नाही. आचाऱ्याला मी गहू सडून ठेवायला सांगून आले.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. भेट काय द्यायची यावर बरीच चर्चा झाली. चांदीचं ताट, पैठणी, फ्रीज. माझ्याकडे दुसरं काही आहे. अक्काची एक वही आहे, पाठीमागे पंचांगाचं पान चिकटवलेली, तेलाचे डाग पडलेली. कानडी शाळेत ती चौथीपर्यंत शिकली, देवनागरी शिकली ती लग्नानंतर, सासऱ्यांच्या पोथ्यांवर बोट ठेवून. त्या वहीत डाव्या बाजूला दुखण्याचे मराठी शब्द आहेत आणि उजव्या बाजूला कानडी, दोन्ही तिच्याच अक्षरात. २२ वर्षांत जमवलेले. कुठला शब्द कुठल्या गावच्या माणसाने वापरला तेही काही ठिकाणी लिहिलंय. मी मोजले, ३४० शब्द आहेत. ही वही आम्ही काही शिक्षक मिळून छापतो आहोत, खिशात मावेल एवढ्या आकारात, मराठी, कानडी आणि इंग्रजी असे तीन रकाने करून. ओपीडीत नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या आणि सिस्टरच्या हातात एकेक प्रत द्यायची. पंच कमिटीने ताटाचे पैसे यासाठी दिले तर फार बरं होईल, नाही दिले तर आमचे आम्ही उभे करू.

त्यासाठी तुमची मदत हवी. तुमची आजी, आई, शेजारची काकू दुखण्याला जे शब्द वापरते ते मला पाठवा, गावाच्या नावासह. खानापूर, चंदगड, निपाणी, येळ्ळूर, उचगाव, कडोली, कुठलेही. साधे वाटले तरी पाठवा.

आणि कानडी चांगली येणाऱ्यांनी एक गोष्ट खास बघावी. वहीच्या शेवटच्या पानावर सहा शब्दांपुढे उजवी बाजू मोकळी आहे. अक्का म्हणते, यांना माझ्या आईची कानडी पुरत न्हाई, सिस्टरना विचारलं, त्याबी गप्प बसल्या. त्यातला पहिला आहे ‘काळजात कालवतंय’. दुसरा, ‘अंग मोडून येतंय’. बाकीचे चार रविवारी वही घेऊन येईन तेव्हा दाखवते.