रात्रीची गोळी सकाळी उतरतेच असं नाही

'झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत उतरतो' असं एका लेखात सरसकट म्हटलंय, तेवढं पटलं नाही. गोळी कुठली, यावर ते आहे. झोल्पिडेम साधारण अडीच तासांत रक्तात निम्मं होतं. डायझेपामला त्यासाठी एक-दोन दिवस लागतात, आणि यकृतात त्याचं जे रूपांतर होतं तेही गुंगी आणणारंच, त्याहून जास्त रेंगाळणारं. रोज घेतली की कालची संपायच्या आत आजची भर. उतारवयात तर ती अंगात साचतच जाते.

आमच्या आईचं हेच झालं. देवगडजवळचं जुनं घर. पहाटे न्हाणीची चूल पेटवायला उठली, पडवीची पायरी चुकली नि खळ्यात पडली. मनगट मोडलं. लाइट गेली होती, म्हणून आम्ही अंधाराला दोष दिला. उशाशी ठेवलेली डायझेपामची पट्टी कुणाच्या डोक्यातच आली नाही! मेंदूतलं गाबा हे रसायन पेशींना शांत करतं, या गोळ्या त्याचाच जोर वाढवतात. पण तो जोर फक्त झोपेपुरता राहत नाही, स्नायू सैलावतात, तोलही जातो.

डॉक्टरांनी मग थोडी थोडी करत ती कमी केली. हे वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी एकदम बंद करू नका, कृपया. सवयीची गोळी अचानक तोडली तर हात कापतात, फेफरंही येऊ शकतं. आणि वर दारू तर अजिबात नको, श्वास मंदावतो.