‘आरसा बोगस, पैसे पाण्यात’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला आणि सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. तक्रारी तीन आहेत. गाडीतला ऑटो डिमिंग आरसा, म्हणजे रात्री मागच्या गाडीचा झोत पडला की आपोआप काळसर होणारा, तसा होत नाही. चार दिवस गाडी उभी होती तर बॅटरी उतरली. आणि वायर कापलेला आरसा आम्ही परत घेतला नाही. तिन्हींचं उत्तर देतो, पण आधी तुमच्या दुसऱ्या फोटोबद्दल बोलू द्या.

त्यात ड्रायव्हरच्या बाजूच्या पिलरचं, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबाचं, कव्हर उघडलेलं दिसतं. अर्थिंगची काळी वायर तुम्ही तिथून खाली बोल्टपर्यंत नेलीत. आत जी कापडी घडी दिसते ती पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे. वायर तिच्यावरून गेली आहे आणि झिप टायने (प्लॅस्टिकच्या पट्टीने) तिलाच आवळली आहे. धडक बसली की ही बॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडावी लागते. वर काही बांधलेलं असेल तर ती अडकू शकते, नाहीतर भलत्या बाजूला उघडू शकते. आरसा चालो न चालो, हे आधी सोडवा. आणि फोटो बघून तो टाय घाईने कापायला जाऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह काढून, गाडीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबून मगच त्या भागाला हात लावायचा असतो. वायर एअरबॅगच्या मागून, कंपनीच्या मूळ वायरिंगच्या सोबतीने न्यायची. काही गाड्यांत या कव्हरच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात, त्याही तपासाव्या लागतील.

आता आरशाकडे येऊ. तुम्ही लिहिलंत की करंट छतातल्या दिव्यातून घेतला, ‘लाल आणि हिरवी एकत्र पिळून’. दोन्ही दुखणी इथेच आहेत, असं मला वाटतं. छतातल्या दिव्याला बहुतेक गाड्यांत करंट कायम असतो, चावी काढली तरी. म्हणजे आरसा आणि त्यातलं होकायंत्र रात्रंदिवस चालू. बॅटरी आधीच जुनी असेल तर चार दिवसांत उतरायला तेवढं पुरतं. लाल वायरला चावी फिरवल्यावरच येणारा करंट हवा. तो फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून घ्यायचा.

हिरवी वायर रिव्हर्स लाईटची. गाडी मागे घेताना आरसा स्वच्छ दिसावा म्हणून रिव्हर्स पडला की डिमिंग आपोआप बंद होतं. हिरवीत करंट आला की आरसा समजतो, गाडी रिव्हर्समध्ये आहे. तुमच्या जोडणीत तिला करंट कायम मिळतोय, मग आरसा काळा होणार कसा? रिव्हर्स लाईटपर्यंत वायर ओढायची नसेल तर हिरवी मोकळी सोडून टोकाला टेप गुंडाळा. डिमिंग चालेल, फक्त रिव्हर्समध्ये आपोआप बंद होणार नाही. हे रंग आमच्या किटचे आहेत, दुसऱ्या कंपनीचा आरसा असेल तर पत्रक बघूनच जोडा.

जोडणी बदलली की घरीच तपासा. चावी ऑन, गाडी न्यूट्रलमध्ये. काचेकडे तोंड असलेला सेन्सर बोटाने पूर्ण झाका आणि तुमच्याकडे तोंड असलेल्या सेन्सरवर मोबाईलचा टॉर्च मारा. काही सेकंदांत आरसा निळसर काळा व्हायला हवा. पुढचा सेन्सर झाकायचा कारण बाहेर उजेड आहे तोवर आरसा डिम होतच नाही. दिवसा नुसता टॉर्च मारून ‘चालत नाही’ म्हणणारे बरेच जण येतात.

माल परत न घेण्याबद्दल. वायर कापलेला आरसा पुढच्या गिऱ्हाईकाला नवा म्हणून देता येत नाही आणि बिलावर तसं छापलेलं आहे. यात बदल होणार नाही. मात्र आरशाची वॉरंटी वायर कापल्याने गेलेली नाही. दुकानात तुमच्यासमोर टेबलावर बारा व्होल्ट देऊन तपासतो. आरसाच खराब निघाला तर नवा देईन.

शोरूमने मजुरी फार सांगितली म्हणून स्वतः केलंत, यात चुकीचं काही नाही. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग घ्यायला येणारी कितीतरी माणसं घरीच काम करतात आणि आम्ही त्यांना आनंदाने समजावून सांगतो. जुना आरसा काढताना पुढची काच तडकते ती बहुतेक वेळा जोराने पिळल्यामुळे. तुम्ही ती शाबूत ठेवलीत, काचेवरचं बटणही (आरसा ज्यावर बसतो ती चिकटवलेली चकती) जागेवर आहे. हात तुमचा चांगला आहे. जोडणीचा कागद मात्र पाकिटातच राहिलेला दिसतो. तो मराठीत आहे, आकृतीसकट.

एवढी विनंती, पिलरमधली वायर एकट्याने परत उघडू नका. गाडी घेऊन या. आमचा वायरमन ती एअरबॅगच्या मागून घालून देईल आणि त्याचे पैसे घेणार नाही. सकाळी आलात तर उत्तम, पिलरचं काम घाईत करायचं नाही. तोवर आरशामागचा प्लग काढून ठेवा, म्हणजे बॅटरी तरी उतरणार नाही.

– दुकानमालक