पाचावर धारण

निफाडच्या माणसाला थंडीचं कौतुक सांगू नये. दर हिवाळ्यात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी पेपरात येते आणि गावातला प्रत्येक जण तो पारा आपणच घसरवल्यासारखा चार दिवस मिरवतो. माझी आई त्यातलीच. जानेवारीत ती आमच्याकडे इंग्लंडला, लीड्सला आली, तेव्हा विमानतळाबाहेर पाऊल टाकताच म्हणाली, "एवढी काही नाहीये हो थंडी. आमच्याकडे द्राक्षाचे मणी तडकतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दोन स्वेटर, शाल, माझी कानटोपी आणि नातवाचे फुटबॉलचे मोजे अशा अवतारात स्वयंपाकघरात आली.

"अरे, माझ्या खोलीतला तो खिडकीखालचा पत्रा तापत नाही."

पत्रा म्हणजे रेडिएटर. आईला मी पहिल्याच दिवशी सगळी व्यवस्था समजावून दिली होती. आपल्याकडच्या बंबासारखाच इथे स्वयंपाकघरात एक गॅसचा बॉयलर असतो. फक्त त्याचं पाणी आंघोळीला जात नाही. ते पंपाने घरभर फिरतं, प्रत्येक खोलीतला पत्रा तापवतं आणि गार होऊन परत बॉयलरमध्ये येतं. आंघोळीचं पाणी वेगळं.

"म्हणजे वर्षानुवर्षं तेच पाणी?" आईने विचारलं होतं. "शिळं?"

त्या वेळी मी हसलो होतो.

रेडिएटरच्या एका टोकाला एक गोल मुंडी असते आणि तिच्यावर एक ते पाच आकडे असतात. मी ती सरळ पाचावर नेली. सहा वर्षं इथे राहून मी असंच समजत होतो की पाच म्हणजे पंख्याचा पाच, फुल्ल. तसं नसतं. तो आकडा खोली किती तापवून थांबायचं ते ठरवतो, किती लवकर तापवायचं ते नाही. तीनवर ठेवलं तरी खोली साधारण वीस अंशांपर्यंत जाते. पाचावर नेऊन वाट बघत बसणं म्हणजे लिफ्ट लवकर यावी म्हणून बटण दहा वेळा दाबणं. तेही मी करतो.

संध्याकाळपर्यंत पत्रा गारच. प्लंबरला फोन केला, तर तो गुरुवारी येणार म्हणाला आणि नुसतं दारात येण्याचा जो आकडा त्याने सांगितला, तेवढ्यात आईच्या विमानाच्या तिकिटाला हातभार लागला असता. इथे कायदा असा आहे, की गॅसच्या बॉयलरचं काम करायला गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस लागतो. रेडिएटरशी मात्र कोणीही सोम्यागोम्या खेळू शकतो. कायद्याच्या त्या फटीतून मी आत शिरलो.

रेडिएटरची नाडीपरीक्षा तशी सोपी असते. खाली गरम आणि वर गार, तर आत हवा अडकली आहे. वर गरम आणि खालचा मधला भाग गार, तर तळाशी गाळ साचला आहे. सगळाच गार, तर पाणीच आत येत नाही. आमचा सगळाच गार होता. पण हवा काढायची पितळी किल्ली माझ्याकडे होती आणि बाकीच्या दोन रोगांवर काहीच नव्हतं, म्हणून मी निदान हवेचं केलं.

हवा काढण्याआधी हीटिंग बंद करायचं, खाली वाडगं धरायचं आणि वरच्या कोपऱ्यातला चौकोनी स्क्रू किल्लीने पाव फेरा सैल करायचा. फुस्स आवाज येतो, मग पाण्याचा थेंब दिसला की लगेच आवळायचं. यातलं 'पाव' माझ्या कानांवरून गेलं. फुस्स झालंच नाही. थेट पिचकारी उडाली आणि तीही काळी. दुधासारख्या कार्पेटवर, भिंतीवर आणि आईच्या धुवट पंच्यावर. रेडिएटर आतून पोलादाचा. पाण्यात राहून तो हळूहळू गंजतो आणि त्याची काळी, लोहचुंबकाला चिकटेल अशी पूड पाण्यात उतरते.

"मी म्हटलं होतं ना, शिळं पाणी," आई म्हणाली.

बायको काही बोलली नाही. ती कार्पेटकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. क्रम हाच होता, पण दुसरी नजर जास्त वेळ टिकली.

त्या गडबडीत पाणी इतकं गेलं, की बॉयलरच्या दाबाचा काटा एकच्या खाली, पार अर्ध्यावर आला आणि बॉयलरने मान टाकली. आतापर्यंत एकच खोली गार होती, आता घरात समता नांदू लागली. मुलगा खालून ओरडला, "बाबा, तुम्ही काय केलंत?" या घरात काहीही बिघडलं की हेच वाक्य का येतं, कळत नाही.

बॉयलरच्या खाली एक चंदेरी जाळीची नळी असते. तिच्या दोन्ही तोट्या उघडल्या की नळाचं पाणी आत शिरतं आणि काटा चढतो. एक ते दीडच्या मध्ये आला, की दोन्ही बंद करायच्या. मी उघडल्या आणि तेवढ्यात नाशिकहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला आईच्या खोलीचा पंचनामा दाखवून परत येईपर्यंत काटा अडीचच्या पुढे. तीनला सुरक्षेची झडप उघडते आणि पाणी भिंतीबाहेरच्या नळीतून अंगणात जातं. ते टाळायला पुन्हा किल्ली, पुन्हा वाडगं आणि पुन्हा काळं पाणी. या वेळी मात्र पाव फेरा. माणूस शिकतो.

एवढं सगळं होऊन आईचा पत्रा गार तो गारच.

"बागेत आपण रात्री शेकोट्या पेटवतो ना," आई समजुतीच्या सुरात म्हणाली, "तशी एखादी..."

"आई, घर लाकडाचं आहे."

"मग तर सोपंच."

दुसऱ्या दिवशी मी पक्कड घेऊन गालिच्यावर पालथा पडलो होतो, तेव्हा शेजारचे आजोबा आले. वय ऐंशीच्या घरात, पायात घरातल्या सपाता. ते आमची कचऱ्याची पेटी आत आणून ठेवायला आले होते, कारण त्या दोन दिवसांत आमचं कशातच लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली पक्कड पाहिली आणि चहा नको म्हणाले, ही इथली धोक्याची घंटा असते. गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले, जमिनीतून येणाऱ्या पाइपला बोट लावलं आणि म्हणाले, "हा तर चांगला तापलाय. म्हणजे पाणी दारापर्यंत आलंय, दार बंद आहे."

दोन दिवसांत त्या पाइपला हात लावायचं मला सुचलं नव्हतं.

त्यांनी मुंडीची कडी हाताने फिरवली आणि मुंडी अलगद बाहेर काढली. आत बॉलपेनच्या रिफिलसारखी एक बारीक पिन. गंमत अशी, की मुंडीत मेण किंवा द्रव भरलेला असतो. खोली तापली की तो फुगतो आणि पिन दाबून पाणी अडवतो. खोली गार झाली की तो आकसतो आणि पिन स्प्रिंगने वर येते. ना वीज, ना सेल. पण आईची खोली वर्षभर रिकामी, म्हणून गॅस वाचवायला आम्हीच ती मुंडी बंद करून ठेवलेली. इतके महिने दबून बसलेली पिन तिथेच चिकटली होती. वर मी पाचावर ठेवा नाहीतर पन्नासावर, खाली तिची धारण बसलेली ती बसलेलीच.

मी पक्कड पुढे केली. आजोबांनी ती माझ्या हातून काढून घेतली. पिन ओढायची नसते. उपटून आली, तर मागोमाग सगळं शिळं पाणी येतं. त्यांनी तेलाचा एक थेंब सोडला, पान्ह्याच्या दांड्याने व्हॉल्व्हला बाजूने टकटक केलं, पिन हलकेच खाली दाबली, सोडली, पुन्हा दाबली. सातव्या-आठव्या वेळी 'टुक' झालं आणि ती वर आली. पाइपमधून पाणी सळसळत गेलं. आईने पत्र्यावर तळवा ठेवला आणि आजारी पोराचा ताप बघावा तसं डोळे मिटून थांबली.

"आला," ती म्हणाली.

संक्रांत दोन दिवसांवर होती. आईने आजोबांच्या हातावर निफाडहून आणलेले तिळाचे तीन लाडू ठेवले. "यांना सांग, गोड बोला म्हणावं." मी सांगितलं. आजोबांनी एक लाडू तोंडात घातला, आणि पुढची पाच मिनिटं त्यांना गोड किंवा कडू काहीच बोलता आलं नाही.

रात्री आईची खोली अशी तापली, की तिने खिडकी उघडून ठेवली. पत्र्यावर विरजणाचं पातेलं होतं आणि मुंडी पाचावर. मी ती तीनवर आणली. आई माझी पाठ वळेपर्यंत थांबली.

पहाटे थंडीने मला जाग आली. आमच्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावला, तर खाली कोमट आणि वर बर्फ. बॉयलरमध्ये भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर हवाही आत शिरली होती आणि ती आमच्याच खोलीत वस्तीला आली होती. किल्ली शोधत मी खाली गेलो. आई एका स्वेटरवर, दह्याचं पातेलं हातात घेऊन उभी होती. कवडी दही लागलं होतं.

"काय रे, तुमचा पत्रा तापत नाही का?" ती म्हणाली. "पाचावर ठेवून बघ."