धिंड काढून पोरं सुधारत नाहीत

"अमेरिकेत गुंडांना महिन्याला हजार डॉलर पगार देऊन पाहिला, गोळीबार थांबला नाही. समुपदेशन बंद करा. पोरांना एकदा जेल दाखवा, चौकात धिंड काढा, सरळ होतात." नाशिकमधल्या सिडको-सातपूरच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज माझ्या बहिणीपर्यंत पोहोचला. ती अंबडला संध्याकाळची अभ्यासिका चालवते. तिथल्या दोन मुलांचं नाव एका हाणामारीत आलं होतं. मेसेज दाखवून लोक तिला सांगताहेत, त्यांना काढून टाका. म्हणून लिहितोय.

हजार डॉलरची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहराची, २०१० पासूनची. तो गुंडांना पगार नव्हता. गोळीबारात गुंतल्याचा संशय असलेले मोजके तरुण निवडले, त्यांच्यासोबत सतत राहून समजावणारी माणसं दिली, आणि ठरलेल्या गोष्टी पाळल्या तरच पैसे, तेही महिन्याला जास्तीत जास्त हजार डॉलर. २०१९ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये याचं मूल्यमापन आलं. कार्यक्रम नसता तर जेवढे अपेक्षित होते, त्यापेक्षा बंदुकीमुळे होणारे मृत्यू आणि दवाखान्यात येणारे जखमी वर्षाला ५५ टक्के कमी. हो, त्याच अभ्यासात बंदुकीशिवायच्या हिंसेतले मृत्यू-जखमी १६ टक्के वाढलेले दिसले, आणि पिट्सबर्गच्या अशाच कार्यक्रमाचा निकाल तर वाईटच होता. तेवढं मान्य. पण त्यावरून "सगळं फसलं" म्हणणं धडधडीत खोटं आहे.

खरा संताप "जेल दाखवा" वाचून येतो, कारण हा प्रयोग अमेरिकेने आधीच करून पाहिलाय. सत्तरच्या दशकापासून शाळकरी पोरांना तुरुंगात न्यायचे, जन्मठेपेचे कैदी त्यांच्या अंगावर ओरडायचे, पोरं रडायची, बघणारे खूश. मग कुणीतरी नीट मोजलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला तुरुंग दाखवला, दुसऱ्याला नाही. अशा ९ चाचण्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र केल्या, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनीच पुढे जास्त गुन्हे केल्याचं निघालं. म्हणजे काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं! आपल्याकडे तर धिंडीचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गाणं लावून रील होतो आणि पोरगा गल्लीत 'भाई' होतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हेच तर हवं असतं.

"धिंड काढली त्या महिन्यात शांतता होती" हा पुरावा नाही. कारवाई होते ती लागोपाठ दोन-तीन घटना घडून गेल्यावर, आणि असं टोक गाठल्यावर आकडा बऱ्याचदा आपसूकही उतरतो. शेजारच्या, कारवाई न झालेल्या भागात काय झालं ते सांगा, मग बोलू. हाच निकष समुपदेशनालाही लावा, माझी हरकत नाही.

"पोरांना फुकट पैसा कशाला" म्हणणाऱ्यांना एवढंच: शिकागोत १,६३४ मुलांवर चाचणी झाली. उन्हाळ्यात आठ आठवडे काम मिळालेल्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका पुढच्या १६ महिन्यांत, काम न मिळालेल्यांपेक्षा ४३ टक्के कमी. काम दिलं होतं, खिरापत नाही.

नाशिकमध्ये कुणी असं काही सुरू करणार असेल तर पहिल्या दिवसापासून मोजा. नुसते नोंदलेले गुन्हे नकोत, कारण कोयत्याचा वार झालेला पोरगा पोलिसांत जाईलच असं नाही, पण टाके घालायला दवाखान्यात जातोच. सिव्हिलमधले आणि खासगी दवाखान्यांतले कट्टा-कोयत्याचे जखमी, नाव न घेता, प्रभागवार, दर महिन्याला.