पांडवलेणी उभी आहेत म्हणून खाणीचं छत टिकत नाही

भाचा चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत रुजू झाला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘कंपन्या पैसे वाचवायला लाकडी टेकू काढतात, छताला भोकं पाडून वीतभर रॉड ठोकतात. तो डोंगर पेलेल का? आपली पांडवलेणी दोन हजार वर्षं टेकूशिवाय उभी आहेत. खोलवर तर खडक टणकच, तिथे कशाची गरज नाही.’ इंदिरानगरच्या ताईने हे वाचून पोराला राजीनामा द्यायला सांगितलंय.

अहो, रॉड डोंगर पेलतच नाही! डोंगर पेलतात ते मध्ये सोडलेले कोळशाचे खांब. त्या रॉडने, म्हणजे बोल्टने, सांभाळायचा असतो गॅलरीच्या (खाणीतल्या बोगद्याच्या) डोक्यावरचा सुटू पाहणारा खडक. कोळशावर बहुधा शेल (चिखलाचा पापुद्र्यांसारखा खडक), वाळूखडक यांचे थर असतात. सुटे राहिले की एक वाकतो, मग त्याच्या वरचा. बोल्ट त्यांना वहीच्या पानांसारखं शिवून टाकतो. आणि वीतभर कुठला? दीड-पावणेदोन मीटरचं भोक, आत रेझिन (घट्ट होणारा डिंकासारखा पदार्थ) किंवा सिमेंटच्या कॅप्सूल, मग रॉड, खाली प्लेट आणि नट. भोक पोकळ राहतच नाही, मग छत कमजोर होईल कसं?

बोल्ट किती, हेही मनाला येईल तसं ठरत नाही. धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेने 1980च्या दशकात आपल्या कोळसा खाणींसाठी छताला 100 पैकी गुण द्यायची पद्धत बसवली: थरांच्या जाडीला 30, भेगा-फटींना 25, ओल-हवेने झिजण्याला 20, खडकाच्या ताकदीला 15, झिरपणाऱ्या पाण्याला 10. ‘टणक खडक’ चौथ्या नंबरावर आहे, बघा. गॅलरी 4.8 मीटर रुंद, छताला 40 गुण, खडक घनमीटरला 2.2 टन धरला, तर त्यांच्या सूत्राने दर चौरस मीटरला साधारण पावणेसहा टन भार येतो. बोल्ट त्या हिशेबाने. दोन गॅलऱ्या छेदतात त्या चौकात आणखी जास्त.

पांडवलेण्यांचा दाखला तर कहरच. ती लेणी ज्यात आहेत तो नाशिकचा त्रिरश्मी डोंगर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. कोरणाऱ्यांनी जाड, एकसंध थर हेरून विहार कोरले. कोळसावाल्याला ती निवड नसते, कोळसा असेल तिथेच शिरावं लागतं.

खोलीचं म्हणाल तर दर 100 मीटरला खडकाचा दाब चौरस सेंटीमीटरमागे सुमारे 25 किलोने वाढतो. म्हणूनच नियमांत खोलीप्रमाणे खांब मोठे सोडायला सांगितलंय.

लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, हे मात्र खरं. जुने कामगार त्या आवाजावर पळत. पण टेकू खरा भार घेतो तो छत खाली बसायला लागल्यावर, आणि ओलीत कुजतो. बोल्टच्या छतात टेल-टेल नावाचं इशारा देणारं साधं उपकरण बसवतात, थर सुटू लागले की त्याच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं.

ताई, राजीनामा नको. बोल्ट न मारलेल्या ताज्या छताखाली पाऊल टाकायचं नाही, एवढं त्याला फोन करून बजाव.