घड्याळ पुढे सरकलेलं पोरगं

रविवारी दहाला नाना कट्ट्यावर आले तेच तणतणत. "आमचं रत्न अजून अंथरुणात! रात्री दोनपर्यंत जागायचं आणि सकाळी कुंभकर्ण. आमचे बाबा तोंडावर तांब्या ओतायचे."

जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर चहा फुंकत म्हणाले, "नाना, वयात येताना मेंदूतलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन एक-दोन तास उशिरा पाझरतं. तुम्हाला दहाला पेंग येते, त्याला बारापर्यंत येत नाही. झोप मात्र हवी आठ ते दहा तास. सातच्या शाळेला साडेपाचला उठायचं. करा हिशेब."

"आणि मोबाईल? तोही मेंदूतूनच पाझरतो?"

सगळे हसले. मास्तरही. "तो आगीत तेल आहे. पण आग त्यानं नाही लावली."

"पण आता सरकारनं नऊची शाळा केलीय ना?" मी विचारलं.

"चौथीपर्यंतच!" अण्णा उसळले. "फेब्रुवारी २०२४ चा निर्णय. सहाला उठून आईच्या अंगावर उड्या मारणाऱ्या पोरांना नऊची शाळा, आणि माझी नववीतली लेक सातच्या वर्गात डुलक्या काढते." (अण्णा कधी नव्हे ते मुद्द्याचं बोलले.)

नाना हटेनात. "शाळा उशिरा केली की ही कार्टी आणखी उशिरा झोपतील."

"सिएटलमध्ये २०१६ साली हायस्कूल जवळजवळ तासभर पुढे ढकलली," मास्तर म्हणाले. "मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं. झोप रोज चौतीस मिनिटांनी वाढली."

"फक्त चौतीस?"

"रोज, नाना. शाळेचे पाच दिवस धरा. पावणेतीन तासांच्या वर जाते."

नाना बोटांवर मोजत राहिले. मी हळूच विचारलं, "त्याचा क्लास सुटतो कधी?"

"साडेनऊला. घरी येऊन जेवेपर्यंत साडेदहा. मग शाळेचा गृहपाठ..." नाना मध्येच थांबले. तो क्लास त्यांनीच लावलाय, वर्षाची फी एकरकमी भरून.

मग त्यांनी घरी फोन लावला. "अगं, उठवू नकोस त्याला."

"अकराच्या पुढे नको हां," मास्तर कुजबुजले. "सुट्टीला दुपारपर्यंत लोळला तर रात्री घड्याळ आणखी सरकतं."

"ऐक, अकरापर्यंतच. नंतर तांब्या घेऊन मी येतोय."