खुलासा: फ्रान्सच्या बायकांचं मत चर्चने अडवलं नव्हतं

'फ्रान्समध्ये बायकांना 1944 पर्यंत मताचा हक्क मिळाला नाही, कारण कॅथलिक चर्चचा विरोध' असा मजकूर सध्या फिरतोय. साल बरोबर आहे, पण कारण जवळपास उलटं आहे.

फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने मे 1919 मध्येच स्त्रियांच्या मताधिकाराला मोठ्या बहुमताने मान्यता दिली होती. घोडं अडलं ते सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात. नोव्हेंबर 1922 मध्ये तिथे 134 विरुद्ध 156 मतांनी प्रस्ताव पडला. सिनेटवर पगडा होता रॅडिकल पक्षाचा, म्हणजे चर्चच्या कट्टर विरोधकांचा. बायका पाद्र्याचं ऐकून गठ्ठा मतं उजव्यांना देतील, ही त्यांची धास्ती. (पुरोगामी म्हणवणाऱ्यांची ही तऱ्हा!) पुढेही कनिष्ठ सभागृह मंजुरी देत राहिलं आणि सिनेट अडवत राहिलं. 1936 मध्ये तर नोबेल मिळवलेल्या इरेन जोलिओ-क्युरी सरकारात उपमंत्री झाल्या, पण त्यांना स्वतःला मत नव्हतं!

दुसरीकडे, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 1919 मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराला अनुकूलता दाखवली होती. आंद्रे ब्युतियार या कॅथलिक बाईंनी 1925 मध्ये काढलेल्या संघटनेने बायकांना नागरिकशास्त्राचे धडे दिले, मताची मागणीही केली.

पण म्हणून चर्चला लगेच स्त्रीवादी ठरवू नका. मत मागणाऱ्या कॅथलिक बायकांपैकी बऱ्याच जणींना ते हवं होतं ते कुटुंब आणि धर्म सांभाळायला, आणि आईने घरीच राहावं हा ब्युतियारबाईंच्या संघटनेचा आग्रह होता.

शेवटी हक्क मिळाला 21 एप्रिल 1944 च्या वटहुकमाने, तोही उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्सहून; फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता आणि द गॉल यांची समिती तिथून कारभार बघत होती. तेव्हा अडवायला सिनेटचं कामकाजच चालू नव्हतं.